खडूची खूण

दारोबाला माणसांची पारख नव्हती, फटीची होती. जुन्या गाड्या खोलून, रंगवून, पुन्हा जोडून देणाऱ्या एका कारखान्यात तो दारं बसवायचा. दारं बसवणाऱ्याचा सगळा जन्म फटी बघण्यात जातो. दार आणि मडगार्ड यांच्यामधली फट, पुढचं आणि मागचं दार यांच्यामधली फट, दार आणि खालची पट्टी यांच्यामधली फट, या सगळ्या वरपासून खालपर्यंत सारख्या लागतात. दारोबा त्यासाठी माप वापरत नसे. डोळे मिटून उजव्या हाताचा अंगठा फटीवरून फिरवायचा आणि मग समोर जो कोणी असेल त्याच्याकडे असं बघायचा की त्या माणसाला उगीचच अपराधी वाटायचं.

दारोबा हे नाव कारखान्यातल्या रंगाऱ्यानं ठेवलेलं. आधी तो पाठीमागे म्हणायचा, मग धीर करून तोंडावर म्हणाला आणि दारोबाला ते आवडलं, कारण त्यात त्याला मान दिसला. टिंगल त्याला फक्त स्वतः केलेलीच कळायची. बायको होती तोवर तिच्या पोळ्यांच्या कडा बघून तो विचारायचा, "ही कात्रीनं कापलीस की विळीनं?" ती गेली तेव्हा शेजारीण म्हणाली, सुटली बिचारी. दारोबाला वाटलं, दुखण्यातून सुटली म्हणतेय.

त्याचा मुलगा त्याच कारखान्यात त्याच्या हाताखाली होता. चाळिशीला आलेला, कानशिलावर केस पिकलेला हा माणूस सगळ्या कारखान्यात अजून 'पोरगा' होता, कारण दारोबा त्याला तशीच हाक मारायचा आणि बाकीच्यांनी तीच उचलली होती. पोरगा कमी बोलायचा. बापासमोर बोलून काही मिळत नाही हे त्याला फार लवकर कळलं होतं. त्याच्या कामाला दारोबानं आयुष्यात एकदाच 'बरं आहे' म्हटलं होतं आणि नंतर कळलं की ते दार दुसऱ्याच कोणी तरी बसवलं होतं.

कारखान्यात एक रीत होती. दार बसवणारा एक आणि तपासणारा दुसरा. तपासणाऱ्यानं दार उघडून लावून बघायचं, पटलं तर दाराखालच्या पट्टीवर खडूनं बारीकशी खूण करायची. एकदा खूण झाली की गाडीवर चादर पडायची आणि त्यानंतर दार उघडायचं ते गिऱ्हाइकानंच. खूण झाल्यावर दाराला हात लावणं हे त्या कारखान्यातलं सगळ्यात मोठं पाप. चोरी केलेल्या माणसाला मालकांनी एकदा परत घेतलं होतं, पण खुणेनंतर हात लावलेल्याला कधीच नाही. वर्षानुवर्षं दारोबा दारं बसवायचा आणि पोरगा खूण करायचा.

संध्याकाळी भोंगा झाला की दारोबा हात धुऊन निघायचा. पोरगा मात्र मागे राहायचा. झाडलोट करून येतो म्हणायचा. दारोबाला ही गोष्ट सगळ्यांना ऐकवायला फार आवडायची.

"लोक घरी बायको आहे म्हणून पळतात," तो म्हणायचा, "आमचा घरी बायको आहे म्हणून इथं लपतो. हातात झाडू शोभतोच म्हणा त्याच्या."

पोरगा हसल्यासारखं करायचा आणि झाडू शोधायला जायचा.

मग ती मोठी गाडी आली. चार दारांची, पूर्वी काळी असलेली, आता गंजून तपकिरी झालेली. गाडी एका बाईंची होती, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांची. बाई दर आठवड्याला येऊन उभ्या राहायच्या. स्क्रूच्या खाचा एका दिशेला आहेत की नाहीत हेसुद्धा त्या बघायच्या. या बाई खूश झाल्या तर त्यांच्या ओळखीतल्या आणखी गाड्या येणार, हे मालकांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी सगळ्यांना गाडीभोवती बोलावलं.

"हिची दारं पोरगा बसवेल," मालक म्हणाले. "चांगली झाली तर दाराचं बाकडं, दारांचं सगळं काम, त्याचं. दारोबा, तुम्ही आता तपासा आणि खूण करा. खूप केलंत."

दारोबा हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पण ते 'खूप केलंत' त्याच्या काळजात रुतून बसलं. खूप केलंत म्हणजे आता घरी बसा, एवढं न कळण्याइतका तो भोळा नव्हता. घरी बसायचं म्हणजे सुनेच्या पायात यायचं आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघायच्या. बाकडं गेलं की दारोबा गेला, मागे उरणार तो नुसता म्हातारा. आणि ते कोणासाठी जाणार, तर ज्याला आपण पाना धरायला शिकवलं त्याच्यासाठी. पोराच्या तोंडावर त्या दिवशी जो उजेड आला होता तो दारोबाला बघवला नाही.

पोरानं मात्र जीव ओतला. रंगाआधी त्यानं रिकामी दारं टांगून फटी जुळवल्या, मग उतरवून रंगाऱ्याकडे दिली. रिकामं दार टांगताना त्याचं शेपूट, म्हणजे मागची कड, केसभर वर ठेवावी लागते. नंतर काच, काच खालीवर करायचं यंत्र, कुलूप आणि रबर आत गेलं की वजनानं ते दार खाली येतं आणि बरोबर जागी बसतं. किती वर ठेवायचं ते बिजागरीमागच्या पॅकिंगवर ठरतं. पॅकिंग म्हणजे पातळ पत्र्याचे कापलेले तुकडे. वरच्या बिजागरीमागचा तुकडा काढला तर शेपूट वर जातं, खालच्या बिजागरीमागचा काढला तर शेपूट खाली बसतं आणि दाराची पुढची कड मडगार्डला जाऊन भिडते. हे सगळं पोराला दारोबानंच शिकवलेलं. शिकवताना पान्याच्या दांड्यानं बोटांवर मारायचा तो, पण शिकवलं होतं खरं.

रंगून आलेली दारं पोरानं एकेक करून जोडली. जॅकवर जुनी चादर घडी करून त्यावर दार तोलायचं, मडगार्डच्या कडेला कापडाची पट्टी चिकटवायची, श्वास रोखून बोल्ट लावायचे. तीन दारं झाली. दारोबानं तिन्हींवर अंगठा फिरवला, तिन्ही उघडून लावली. ती लागताना जो भरीव आवाज आला तो ऐकून रंगारी ब्रश हातात धरून तिथंच थबकला. दारोबानं खुणा केल्या आणि म्हणाला, "आंधळ्यानं बसवली असती तरी अशीच बसली असती. गाडीचा सांगाडाच चांगला आहे."

चौथं दार चालकाच्या बाजूचं. तेही जोडून झालं. कुलपात ग्रीस भरायचं म्हणून ते उघडं, जॅकवर टेकवून ठेवलेलं होतं. जेवणाची सुट्टी झाली. सगळे डबे घेऊन बाहेर गेले. दारोबा गेला नाही.

त्यानं खालच्या बिजागरीचे बोल्ट सैल केले आणि पक्कडीनं पॅकिंग बाहेर ओढलं. तुकडा हातात आला तरी बोटांना लागत नव्हता, डोळ्यांनी बघून तो खिशात टाकावा लागला. त्यानं ते मनावर घेतलं नाही. बोल्ट पुन्हा आवळले. मनाशी म्हणाला, धडा शिकू दे. म्हणाला, खुणेआधी एकदा फिरून बघेलच की, मग कळेल त्याला. आपण काही वाईट करतोय असं त्याला वाटलं नाही. अशी माणसं स्वतःशीसुद्धा खरं बोलत नाहीत, सवय मोडते म्हणून.

पोरगा जेवून आला आणि त्यानं कुलपात ग्रीस भरलं. दारोबा म्हणाला, "हो बाजूला, तपासू दे." त्यानं दार मागून हातानं उचलून धरत हळूच लावलं, कुठं घासू न देता. असं दार लावणं भल्याभल्यांना जमत नाही. मग खाली वाकून त्यानं पट्टीवर खडूची खूण केली.

"बरोबर आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "टाका चादर."

पोरगा बापाकडे बघतच राहिला, दाराकडे पुन्हा बघायचं त्याला सुचलंच नाही. मग त्यानं चादर आणली आणि स्वतःच्या हातानं चारी बाजूंनी ओढून घेतली. त्या संध्याकाळी तो झाडलोटीला थांबला नाही. बापाबरोबर निघाला आणि वाटेत त्यानं बापाच्या हातातली डब्याची पिशवी आपल्या हातात घेतली. घरी सुनेनं दोघांना एकदम आलेलं बघून दुसरा कपही पुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मालकांनी चादर काढली. काळा रंग असा काही उतरला होता की बाई आधी त्यात स्वतःलाच बघत राहिल्या. त्यांनी मागची दोन्ही दारं उघडून लावली, पुढचं डावीकडचं लावलं, आणि डोळे मिटून तो आवाज ऐकला. "बाबांच्या वेळी असाच यायचा," त्या म्हणाल्या. मालक फुलून गेले. मग बाई चालकाच्या दाराशी आल्या, हँडल धरलं आणि दार चांगलं सताड उघडलं.

कर्र असा आवाज झाला. मडगार्डच्या कडेचा रंग नखाएवढा उडाला आणि खाली पांढरा पत्रा दिसायला लागला.

बाईंनी उडालेल्या रंगावर बोट ठेवलं आणि मालकांकडे बघितलं. "हे तुमचं काम?" एवढंच म्हणाल्या. पोरगा खाली वाकला आणि खालच्या बिजागरीकडे बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि त्यानं बापाकडे बघितलं.

ती वेळ होती. तेव्हा दारोबा बोलला असता तर शिव्या खाल्ल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. दारोबा बोललाही.

"मी खूण केली तेव्हा दार बरोबर होतं," तो म्हणाला. "त्यानंतर यानं हात लावला असणार. संध्याकाळी मागं राहून खुडबुड करायची सवयच आहे याला. साऱ्यांना ठाऊक आहे."

साऱ्यांना ठाऊक होतंच; काल मात्र तो मागं राहिला नव्हता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मालकांनी पोराला विचारलं, "लावलास हात?" पोरगा बापाकडे बघत राहिला. तो मागं का राहायचा हे सांगितलं असतं तर बापाची अब्रू गेली असती, आणि काल मी बाबांबरोबरच निघालो म्हटलं असतं तर बाप सगळ्यांसमोर खोटा ठरला असता. पण तो बघत होता ते त्यासाठी नाही. अजूनही बाप काहीतरी बोलेल म्हणून बघत होता.

"उद्यापासून येऊ नकोस," मालक म्हणाले.

घरी दारोबाला चेव आला. जेवताना रोज तो खुणेचं माहात्म्य सांगायचा. "खूण म्हणजे खूण. माणसाला पोटच्या पोराहून खूण मोठी वाटली पाहिजे," असं तो पोटच्या पोराला समोर बसवून म्हणायचा. सून ताटात भाकरी वाढायची ती आता टाकायला लागली. पोरगा काम शोधायला जायचा आणि परत यायचा. गाड्यांच्या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. खुणेनंतर हात लावणारा, ही गोष्ट त्याच्याआधी तिथं पोचलेली असायची. ती पोचवायला फार कोणी लागलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर दारोबाच ती सांगायचा, आणि वर म्हणायचा, "बाप म्हणून दुःख होतं, पण काय करणार."

रंगाऱ्यानं मडगार्ड आणि दार पुन्हा रंगवलं. मालकांनी ते दार दारोबाकडे दिलं. एकच दार. दारोबा म्हणाला, "जेवणाआधी देतो."

जेवण झालं, चहा झाला, दार काही बसेना. शेपूट वर जायचं, खाली केलं की पुढून चिकटायचं. पॅकिंगचा तुकडा बोटांत धरला की कुठं पडायचा ते कळायचं नाही. त्यानं जॅकला शिव्या दिल्या, चादरीला दिल्या, पत्रा बनवणाऱ्यांच्या घराण्याला दिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. उरलेली तीन दारं गाडीला सरळ बसलेली होती आणि त्यांच्याकडे बघणं त्याला नकोसं झालं. शेवटी मालक येऊन उभे राहिले. रंगारीही आला. नव्यानं दिलेला रंग पुन्हा उडणार या धास्तीनं तो दोन दिवस धुमसत होता.

"दारोबा, पुरे करा," रंगारी म्हणाला. "तुमच्यानं होणार नाही. कितीतरी दिवस होत नाहीये."

"कोणी सांगितलं? गेल्या गाडीची दारं कोणी बसवली?"

"तुम्ही बसवली. तुम्ही गेल्यावर पोरानं ती उतरवली आणि परत बसवली. त्याच्या आधीच्या गाडीचीही. तो काय झाडू मारायला थांबत होता असं वाटलं तुम्हाला? तुमच्या बोटांची संवेदना गेलीय, दारोबा. आधी दार नीट करायचा आणि मग खूण करायचा बिचारा. मला सांगून ठेवलं होतं, बाबांना कळू देऊ नका."

दारोबा हसला. मग त्यानं डोळे मिटले आणि समोरच्या दाराच्या फटीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, दोनदा. फट सारखी लागली. अगदी सारखी. त्यानं डोळे उघडले. वर बोट जाईल एवढी फट होती आणि खाली दार मडगार्डला टेकलं होतं.

मालकांनी तेही बघितलं. ते रागावले नाहीत, आणि दारोबाला तेच जास्त लागलं. आजाऱ्याशी बोलावं तसं ते बोलले. "असं होय. म्हणजे याही वेळी सवयीनं लावला असेल हात त्यानं. दारोबा, उद्या त्याला घेऊन या. माझा नियम मी मोडतो. पण चार माणसांसमोर त्यानं कबूल करायला हवं, की खुणेनंतर हात लावला, चुकलो. मग बाकडं त्याचं. आणि तुम्हीही येत जा, बसत जा इथं. तुमचा मान आहे."

दारोबा घरी आला. पोरगा खिडकीशी बसून सुनेच्या तुटलेल्या चपलेला टाका घालत होता. दारोबा उभ्याउभ्याच म्हणाला, "मालकांनी बोलावलंय. परत घेतात म्हणाले."

पोरानं चप्पल खाली ठेवली. "खालचं पॅकिंग तुम्ही काढलंत ना, बाबा?"

सून स्वयंपाकघरातून दारात आली. दारोबानं डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली. त्याला पाणी हवं होतं पण ते मागायची पंचाईत झाली.

"मी तेव्हाच बघितलं," पोरगा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी बोललो नाही, कारण वाटलं तुम्ही बोलाल. मग वाटलं, रात्री बोलाल, निदान घरात. एवढे दिवस वाट बघतोय. मला बाकडं नको, दुसरं काही नको. तुम्ही जाऊन मालकांना एवढंच सांगा, पॅकिंग मी काढलं, पोरानं हात लावला नव्हता. मग मी येतो. नाहीतर मी हमाली करीन, पण त्या फाटकात पाऊल टाकणार नाही."

दारोबा रात्रभर तळमळला असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण तो झोपला. सकाळी उठून, दाढी करून तो एकटाच कारखान्यात गेला. वाटेत त्यानं ते वाक्य मनात म्हणून बघितलं. पॅकिंग मी काढलं. चार शब्दही नाहीत. फाटकातून आत गेला तेव्हा मालक आणि रंगारी गाडीपाशीच उभे होते. आतल्या एका माणसानं त्याला बघून स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाला, "या, दारोबा."

"काय म्हणाला पोरगा?" मालकांनी विचारलं.

दारोबानं स्टुलाकडे बघितलं.

"कबूल आहे म्हणाला," तो म्हणाला. "हात लावला, चुकलं म्हणतो. चार माणसांसमोर माफी मागायला येतोय. पदरात घ्या."

मालक म्हणाले, शाबास. त्यांनी मागच्या शेडमधल्या माणसांनाही हाक मारली, सगळे असू देत म्हणाले. रंगारी दारोबाच्या तोंडाकडे बघत राहिला.

दारोबा परत घरी आला. पोरगा जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून वाट बघत होता. दाढी केलेली, अंघोळ झालेली, सुनेनं कामाचा सदरा इस्त्री करून दिलेला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळ्यांसमोर?"

"रंगारीही होता. सगळे थांबलेत तुझ्यासाठी. जा."

पोरगा उठला. कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते त्यानं केलं, वाकून बापाच्या पायाला हात लावला. मग डबा घ्यायचंही विसरून तो जिना उतरायला लागला, भराभर, लहानपणी उतरायचा तसा. सून डबा घेऊन कठड्यापर्यंत धावली आणि तिथूनच हसत म्हणाली, "असू दे, दुपारी मी नेऊन देईन." मग वळून दारोबाला म्हणाली, "बसा ना बाबा. चहा टाकते तुम्हाला."

अजून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पोरगा कोपऱ्यावर टपरीवाल्याशी काहीतरी बोलायला थांबला होता, हात हलवून सांगत होता, आणि टपरीवाला मान डोलवत होता. खिडकीतून ते सगळं दिसत होतं. दारोबा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "साखर जरा बेतानं टाक."